टेले सांतानांचं एवढं कौतुक का?

प्रश्न: १९८२ च्या ब्राझीलच्या फुटबॉल टीमबद्दल सगळे भरभरून बोलतात, झिको सॉक्रेटिस फाल्काओ वगैरे, पण कोच टेले सांताना वर्ल्डकप जिंकलेच नाहीत ना, ८६ ला पण फ्रान्सकडून पेनल्टीवर बाहेर, मग ग्रेट कसे?

उत्तर: अरे नुसता वर्ल्डकप नको बघू. १९७१ ला अ‍ॅटलेटिको मिनेरो क्लबला ब्राझीलची लीग जिंकून दिली आणि साओ पावलो क्लबबरोबर तर ९२, ९३ सलग दोन लिबर्टाडोरेस, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा! ९२ ला टोकियोत इंटरकॉन्टिनेंटल कपमध्ये (युरोप आणि दक्षिण अमेरिकेच्या चॅम्पियन क्लबांची मॅच) कोच क्रायफच्या बार्सिलोनाला २-१ हरवलं, आधी बार्सिलोनाच्या स्टॉइचकोव्हने गोल मारला होता, मग आपले दोन्ही गोल साओ पावलोच्या राईचे, दुसरा तर काय फ्री किक होती. पुढच्या वर्षी त्याच कपमध्ये मिलानला ३-२ हरवलं.

उत्तर: ते मान्य, पण ८२ च्या वर्ल्डकपमध्ये इटलीविरुद्ध ड्रॉ चालणार होता, फाल्काओने २-२ केल्यावर जरा मागे थांबायचं ना, कॉर्नरवरून इटलीच्या रॉसीने तिसरा मारला आणि संपलं सगळं. अजून जीव जळतो.

उत्तर: मागे थांबणारी टीम टेलेंची नसतीच हो. खेळाडू घडवायचे ते, साओ पावलोत कोवळ्या काफूकडून (पुढे ब्राझीलचा कॅप्टन झाला तो) क्रॉस मारण्याची प्रॅक्टिस करून घ्यायचे.

प्रश्नकर्ता: काफूचं माहीतच नव्हतं! बार्सिलोनाची मॅच आजच बघतो.