मदत हवी आहे: पिंक फ्लॉइडच्या ‘व्हेजिटेबल मॅन’ची ही प्रत नेमकी कुठली?

मंडळी, एका जुन्या कॅसेटवर पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडचं ‘व्हेजिटेबल मॅन’ मिळालंय. 2016 च्या ‘द अर्ली इयर्स’ संचात हे गाणं अधिकृतपणे येण्याआधी ते वर्षानुवर्षं प्रतीवरून प्रत होत फिरत होतं. त्यातलीच ही एक असावी.

आमच्यात वाद असा की ही ऑक्टोबर 1967 ची स्टुडिओतली प्रत, की 20 डिसेंबर 1967 ला बीबीसीसाठी वाजवलेली? मित्र बीबीसीच म्हणतो, कारण आवाज बोदा आहे आणि बीबीसीचं रेडिओ वन तेव्हा मीडियम वेव्हवर होतं, जिथे आवाज बोदाच ऐकू येतो. मला हे पटत नाही. चार-पाच वेळा कॉपी झालेली कॅसेटही तितकीच बोदी वाजते.

मी ती संगणकावर घेतली. सुरुवातीला, गिटार यायच्या आत, विजेची बारीक गुणगुण ऐकू येते. इंग्लंडात ती 50 हर्ट्झला हवी, इथे 52 ला दिसते. म्हणजे टेप सुमारे 4 टक्के जास्त वेगात चालतेय. वेग कमी केल्यावर बँडचा गायक सिड बॅरेटचा आवाज एकदम ओळखीचा वाटला, अंगावर काटाच आला! पण ही गुणगुण मूळ टेपची की मधल्या एखाद्या कॉपीची, हे कसं ओळखायचं?

संचात दोन्ही रूपं आहेत, पण स्टुडिओचं 2010 मध्ये नव्याने मिक्स केलेलं (म्हणजे गाण्याचे आणि वाद्यांचे आवाज पुन्हा जुळवलेलं), त्यामुळे थेट तुलना जमत नाही. कुणाकडे जुन्या मिक्सची प्रत असेल तर ड्रम आणि शेवटचा भाग ताडून सांगाल का?