कॉइलमधून परत मिळणारी ऊर्जा: कार्यक्षमता १०६ टक्के येतेय, मोजणीत घोळ कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. मॉस्फेट (इलेक्ट्रॉनिक स्विच) बंद झाल्यावर कॉइलमधून येणारा बॅक-ईएमएफ (करंट तुटल्यावर कॉइलमध्ये उठणारा उलटा व्होल्टेज) डायोडमधून कपॅसिटरमध्ये घ्यायचा आणि किती ऊर्जा हाती लागते ते मोजायचं, एवढाच प्रयोग आहे.

१२ व्होल्टची बॅटरी, फेराइट कोअरवर गुंडाळलेली १ मिलीहेन्रीची कॉइल, १ किलोहर्ट्झला दर वेळी २०० मायक्रोसेकंद चालू. पुढे फास्ट डायोड, ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि त्याला समांतर १०० ओहमचा रेझिस्टर.

कपॅसिटरवर १७.५ व्होल्ट टिकतात, म्हणजे ३.०६ वॅट. बॅटरीच्या तारेतला मल्टिमीटर ०.२४ अँपिअर दाखवतो, म्हणजे २.८८ वॅट. झाले १०६ टक्के! फुकटच्या विजेवर श्रद्धा असलेल्यांनी हा धागा सोडून द्यावा. डायोड आणि तांबं आपला वाटा खाणारच. रेझिस्टर गरम असतानाच मोजलाय, १०० ओहमच आहे, त्यामुळे आउटपुटवर शंका नाही. पण हिशोबानेही पीक करंट २.४ अँपिअर आणि सरासरी ०.२४ येते, मग मीटरला तरी खोटं कसं म्हणू?

०.१ ओहमचा वायरवाउंड (तार गुंडाळून केलेला) शंट, म्हणजे करंट मोजायचा रेझिस्टर, लावून ऑसिलोस्कोपवर पाहिलं, तर मॉस्फेट बंद होताना एवढा उंच काटा (स्पाइक) येतो की करंटचा त्रिकोण त्यापुढे बारका दिसतो. इनपुट मोजायची खात्रीची पद्धत कोणती?

प्रतिसाद:
तो काटा बराचसा शंटच्या स्वतःच्या इंडक्टन्सचा. वायरवाउंड तिथे नकोच. आणि तुमचा हिशोब मीटरचा साक्षीदार होऊ शकत नाही, कारण त्यात १ मिलीहेन्री गृहीत आहे. २.४ अँपिअरला कोअर सॅच्युरेट होत असेल (चुंबकत्वाची मर्यादा गाठत असेल) तर इंडक्टन्स घसरतो, करंट शेवटी झपकन चढतो आणि खरी सरासरी जास्त असते. त्रिकोणाची तिरकी बाजू शेवटी वर वळतेय का बघा.

मॉस्फेटजवळ ४७०० मायक्रोफॅरड लावा, बॅटरी आणि त्याच्यामध्ये १ ओहम, आणि मीटर बॅटरीच्या बाजूला. करंट जवळजवळ सपाट होईल. व्होल्टेज मात्र त्या कपॅसिटरवरच मोजा, नाहीतर १ ओहममधला तोटाही कॉइलच्या माथी येईल.

त्याआधी मीटरचीच परीक्षा घ्या: मीटर जुन्याच जागी ठेवून कॉइलऐवजी १० ओहमचा रेझिस्टर लावा, पल्स तेच. सरासरी ०.२४ च्या आसपास यायला हवी. कमी आली तर गुन्हेगार सापडला.