संविधानाच्या इतिहासावरची नवीन पुस्तकं वाचनालयासाठी हवीत, मदत करा

नमस्कार मंडळी, आमच्या गावच्या वाचनालयात (सातारा जिल्हा) दर रविवारी दहा-बारा जण जमतो. दोन शिक्षक, कोर्टाबाहेर टायपिंग करणारा एक मुलगा, एक रिटायर्ड कंडक्टर काका, बाकी बायका. मी वकिली करते म्हणून संविधानाबद्दल सांगायचं काम माझ्याकडे आलं.

सुरुवात रोहित डे यांच्या 'अ पीपल्स कॉन्स्टिट्यूशन'पासून केली. २०१८ सालचं आहे, पण आमच्याकडे नवीनच. त्यात संविधानसभेतले मोठे लोक कमी आणि कोर्टात गेलेली साधी माणसं जास्त, खाटीक, व्यापारी, अलाहाबादची वेश्याव्यवसाय करणारी हुस्नाबाई. मुंबईचे बलसारा दारूबंदी कायद्याविरुद्ध भांडले आणि १९५१ मध्ये सुप्रीम कोर्टाने अल्कोहोल असलेली औषधं आणि ओ-द-कोलोनसारख्या वस्तू बंदीतून मोकळ्या केल्या, हे सांगितलं तेव्हा लोक अक्षरशः पुढे सरकून बसले.

मग ओर्निट शानी यांचं 'हाऊ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक' घेतलं. संविधान लागू व्हायच्या आधीच, १९४८ पासून मतदारयाद्या कशा बनत होत्या त्याचं पुस्तक. पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायका गळाल्या, कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची मुलगी एवढंच लिहवलं होतं. हे ऐकून आमच्यातल्या एक आजी बराच वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, "माझ्या सासूला सगळे बापूची आई म्हणायचे, तिचं नाव मला तिच्या मयताच्या दाखल्यावर कळलं." त्या दिवशी पुढे वाचलंच नाही आम्ही.

आता अडचण अशी की मी इंग्रजी पान वाचते आणि तिथल्या तिथे मराठीत सांगते, पण लोकांना स्वतः वाचायचंय. या दोन्हींचा मराठी अनुवाद कुठे आलाय का? मी आठ-दहा पानी मराठी सारांश करून वाटला तर कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मधल्या अभ्यास-समीक्षेच्या सवलतीत बसेल, की प्रकाशकाला लिहून परवानगी घेतलेली बरी? मी दिवाणी दावे चालवते, या विषयातलं कुणी असेल तर नक्की सांगा. (निकालांची अडचण नाही, ते ई-एससीआरवर, म्हणजे सुप्रीम कोर्टाच्या निकालांच्या वेबसाइटवर, फुकट मिळतात.)

दुसरं, विद्यापीठ प्रकाशनांची हार्डबॅक आम्हाला परवडत नाहीत, वर्गणी काढून वर्षाला चार-पाच पुस्तकं होतात. भारतीय पेपरबॅक निघाली हे तुम्हाला कसं कळतं? मागच्या वेळी ऑनलाइन मागवलेली प्रत झेरॉक्स निघाली, मधली सोळा पानं गायब, आणि पैसे लोकांच्या वर्गणीचे होते म्हणून मला फार वाईट वाटलं. डे आणि शानी या दोघांनी मिळून लिहिलेलं २०२५ चं पुस्तक घ्यायचंय, ते तरी नीट मिळावं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कंडक्टर काकांच्या वडिलांना कुळकायद्यात, १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनाने (त्या दिवसापासून कसणारं कूळच जमिनीचं मालक मानलं गेलं), सव्वा एकर जमीन मिळाली. काका तो जुना सातबारा प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले आणि विचारलं, "यावर असं पुस्तक आहे का, आमच्यासारख्यांचं?" मामलेदार कचेरीतले दावे, कुळांचे जबाब, हे धरून लिहिलेलं अलीकडचं अभ्यासपूर्ण काही माहीत असेल, मराठी किंवा इंग्रजी, पीएचडीचा प्रबंध असला तरी चालेल, तर प्लीज नाव सांगा. येत्या रविवारी काकांना उत्तर द्यायचंय.