‘पोर्तुगालचे प्रतिनिधी’ की ‘पोर्तुगालमधून निवडून आलेले युरोपीय खासदार’?

प्रश्न :

युरोपीय संघाच्या संसदेवर एखाद्या देशातून निवडून जाणाऱ्या सदस्यांना मराठीत नेमके काय म्हणावे? वडिलांकडून मडगावशी नाते असलेले आंतोनियो कॉस्ता यांच्याविषयी लिहिताना हा प्रश्न पडला. २००४ मध्ये ते या संसदेवर निवडून आले आणि तिच्या उपाध्यक्षांपैकी एक झाले. त्यांच्या तेव्हाच्या पदासाठी ‘पोर्तुगालचे प्रतिनिधी’, ‘पोर्तुगीज शिष्टमंडळाचे सदस्य’, ‘पोर्तुगालचे खासदार’ आणि ‘युरोपीय खासदार’ यांपैकी कोणता पर्याय घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद :

माझा कौल ‘युरोपीय खासदार’ या शब्दाला आहे, आणि देश सांगणे आवश्यक असेल तेथे ‘पोर्तुगालमधून निवडून आलेले युरोपीय खासदार’ असे लिहावे. ‘पोर्तुगालचे खासदार’ म्हटले की वाचक लिस्बनमधल्या राष्ट्रीय संसदेचा सदस्य समजतो, म्हणून तो पर्याय पहिल्यांदा बाजूला ठेवावा लागतो. ‘पोर्तुगालचे प्रतिनिधी’ यातली अडचण मात्र अधिक खोल आहे.

युरोपीय संघात देशाचे प्रतिनिधित्व संसदेत होत नाही. २००९ पासून लागू असलेल्या लिस्बन तहाने हे स्पष्ट शब्दांत लिहिले आहे : संसदेत संघाच्या नागरिकांचे प्रत्यक्ष प्रतिनिधित्व होते, तर सदस्य देशांचे प्रतिनिधित्व युरोपीय परिषदेत त्यांचे राष्ट्रप्रमुख किंवा पंतप्रधान आणि मंत्रिपरिषदेत त्यांची सरकारे करतात. कॉस्तांचाच प्रवास पाहा. मार्च २००५ मध्ये ते पोर्तुगालच्या सरकारात मंत्री झाले, तेव्हा त्यांना संसदेतली जागा सोडावी लागली, कारण सदस्य देशाच्या सरकारातील व्यक्तीला युरोपीय खासदार राहता येत नाही. पुढे २०१५ ते २०२४ या काळात पंतप्रधान म्हणून ते युरोपीय परिषदेत बसत, तेव्हा ते खऱ्या अर्थाने ‘पोर्तुगालचे प्रतिनिधी’ होते. डिसेंबर २०२४ पासून ते त्याच परिषदेचे अध्यक्ष आहेत आणि या पदावर असताना राष्ट्रीय पद धारण करता येत नसल्याने तेथे ते कोणत्याही एका देशाचे प्रतिनिधी नाहीत. या तिन्ही भूमिकांना एकच शब्द लावला, तर वाचकाच्या हाती काहीच लागत नाही.

संसदेच्या सभागृहातही सदस्य देशवार बसत नाहीत, राजकीय गटांनुसार बसतात. असा गट स्थापन करण्यासाठी किमान २३ सदस्य लागतात आणि ते किमान एक-चतुर्थांश सदस्य देशांतून निवडून आलेले असावे लागतात. शिवाय थेट निवडणुकीसंबंधीच्या १९७६ च्या कायद्यानुसार सदस्य व्यक्तिशः मतदान करतो आणि त्याच्यावर कोणाचाही आदेश बंधनकारक नसतो. आपल्या सरकारचे म्हणणे मांडण्यासाठी पाठवलेला माणूस असा जो अर्थ ‘प्रतिनिधी’ या शब्दाला देशाचे नाव जोडताच उमटतो, तो येथे लागूच पडत नाही.

‘शिष्टमंडळ’ हा शब्द दुसऱ्या संस्थेसाठी राखून ठेवावा. युरोपीय संसद जेथे भरते, त्या फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गमध्येच युरोप कौन्सिलची संसदीय सभा भरते; ही संस्था युरोपीय संघाहून वेगळी आहे आणि तिच्या सभेत प्रत्येक देशाची राष्ट्रीय संसद आपल्याच सदस्यांमधून शिष्टमंडळ पाठवते. तेथे ‘पोर्तुगीज शिष्टमंडळ’ हा शब्द अगदी योग्य आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद :

सविस्तर उत्तराबद्दल आभार. तरीही दोन शंका उरतात. आपण लिस्बन तहाचा आधार दिलात, पण कॉस्ता निवडून आले ते त्याच्या पाच वर्षे आधी. दुसरे असे की, ‘खासदार’ हा शब्द भारतीय संसदेपुरताच राहू द्यावा, असे मला वाटते.

प्रतिसाद :

पहिली शंका रास्त आहे. लिस्बनपूर्व तहात हे सदस्य ‘राज्यांतील जनसमूहांचे’ (राज्ये म्हणजे येथे सदस्य देश) प्रतिनिधी असल्याचे म्हटले होते. म्हणून २००४ च्या संदर्भात ‘पोर्तुगीज जनतेचे प्रतिनिधी’ असे लिहिले, तर ते कायद्याला धरून होईल. पण त्याही शब्दयोजनेत प्रतिनिधित्व जनतेचे आहे, राज्याचे नाही.

‘खासदार’ या शब्दाबद्दल मात्र मी सहमत नाही. ब्रिटनच्या संसद सदस्यांना मराठी वृत्तपत्रे सर्रास खासदार म्हणतात आणि कोणाचाही गैरसमज होत नाही. आपल्याकडे लोकसभेचा सदस्यही खासदार आणि आमदारांच्या मतांनी निवडला गेलेला राज्यसभेचा सदस्यही खासदार, इतका हा शब्द ऐसपैस आहे. त्यामुळे निवडीची पद्धत महत्त्वाची असेल, तेथे ती वेगळी सांगावी लागेल. पोर्तुगाल १ जानेवारी १९८६ रोजी युरोपीय समुदायात (म्हणजे आजच्या युरोपीय संघाच्या पूर्वरूपात) सामील झाला, तेव्हा त्याचे पहिले सदस्य राष्ट्रीय संसदेने पाठवले होते. मतदारांनी थेट निवड केली ती जुलै १९८७ मध्ये. पहिल्यांना ‘निवडून आलेले’ म्हणू नये.

आणखी एका प्रतिसादकाची भर :

‘मधून’ या शब्दयोगी अव्ययाचे महत्त्व पटवणारे उदाहरण देतो. दानिएल कोन-बेंदित हे जर्मन नागरिक १९९४ मध्ये जर्मनीतून, १९९९ मध्ये फ्रान्समधून, २००४ मध्ये पुन्हा जर्मनीतून आणि २००९ मध्ये पुन्हा फ्रान्समधून निवडून आले. संघाच्या नागरिकाला तो राहत असलेल्या दुसऱ्या सदस्य देशातही युरोपीय निवडणुकीत मत देता येते आणि उभे राहता येते. अशा माणसाला ‘फ्रेंच खासदार’ म्हणणे स्पष्टच चुकीचे ठरेल, ‘फ्रान्समधून निवडून आलेले’ म्हणणे मात्र बिनचूक.

जागांच्या बाबतीत षष्ठी निःशंक वापरावी, कारण जागांचे वाटप देशांनाच होते : कोणत्याही देशाला ६ पेक्षा कमी नाहीत आणि ९६ पेक्षा जास्त नाहीत. २००४ च्या निवडणुकीत ‘पोर्तुगालच्या २४ जागा’ होत्या आणि आता ‘पोर्तुगालच्या २१ जागा’ आहेत, असे लिहिण्यात काहीच गैर नाही.