शीर्षासनात भार कशावर? एकाच शिक्षकांकडे शिकावे की अनेकांकडे?

पारिजात (पुणे)

नमस्कार. माझे वय ४७ आहे. गेली सहा वर्षे मी घराजवळच्या एका बाईंकडे आठवड्यातून तीन दिवस योगवर्गाला जाते. त्या आयंगार पद्धतीने शिकवतात. पट्टे, विटा, खुर्च्या आणि भिंतीवरचे दोर वापरून त्या आम्हाला एकेका आसनात बराच वेळ थांबवतात, आणि आज कोणाच्या गुडघ्याला काय झेपेल हे त्यांना सांगावे लागत नाही. दीड वर्षापूर्वी कार्यालयाच्या वेळा बदलल्या, तेव्हा त्यांतला एकच दिवस ठेवून मी आठवड्यातून दोनदा दुसऱ्या ठिकाणी अष्टांग विन्यास, म्हणजे श्वासाच्या लयीत ठरलेल्या क्रमाने एकामागून एक आसने करण्याची पद्धत, शिकू लागले. रविवारी तिसऱ्या एका शिक्षकांच्या ऑनलाइन प्राणायामवर्गालाही बसते.

पहिले काही महिने मन अगदी प्रसन्न होते. आता मात्र प्रत्येक आसनात दोन आवाज ऐकू येतात. त्रिकोणासनात बाई पायांत बरेच अंतर घ्यायला लावतात आणि हात विटेवर टेकवायला सांगतात. विन्यासाच्या वर्गात अंतर कमी असते आणि पायाचा अंगठा पकडायचा असतो. शीर्षासनात बाई म्हणतात की खांदे वर उचलून धरा आणि भार टाळूच्या मध्यावर येऊ द्या, तर तिकडचे सर म्हणतात की डोके जमिनीला जेमतेम टेकलेले असावे आणि सगळा भार कोपरापासून मनगटापर्यंतच्या हातांनी घ्यावा. दोन महिन्यांपासून मान उजवीकडे वळवताना दुखते आहे. न विचारता दुसरीकडे गेल्याचा संकोच वाटत असल्यामुळे बाईंना मी हे अद्याप सांगितलेले नाही.

एकाच शिक्षकांकडे राहावे हा आग्रह आजच्या काळात कितपत योग्य आहे? अनेकांकडून शिकल्याने ज्ञान वाढते की केवळ गोंधळ वाढतो? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

पहाटवेळ (नाशिक)

पारिजातताई, आधी मानेचे पाहा. डॉक्टर मान तपासून परवानगी देईपर्यंत शीर्षासन दोन्ही वर्गांत पूर्ण बंद ठेवा, आणि सर्वांगासनसुद्धा. त्यासाठी या चर्चेतील मतांची वाट पाहू नका.

मी सोळा वर्षे शिकवते आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहिते. आपल्याला परस्परविरोधी वाटणाऱ्या सूचना आपापल्या क्रमात मुळीच चुकीच्या नाहीत. आयंगार पद्धतीत शीर्षासन आधी येते आणि सर्वांगासन नंतर, म्हणजे डोक्यावरच्या आसनात मानेला जो ताण येतो तो सर्वांगासनात उतरावा. अष्टांग विन्यासाच्या समारोपाच्या क्रमात नेमके उलटे आहे. तेथे सर्वांगासन, हलासन आणि त्यांना जोडून येणारी आसने आधी होतात, मत्स्यासनात मान मागे वळते आणि शीर्षासन त्यानंतर येते. तोवर प्रत्येक हालचाल श्वासाला जोडलेली असल्याने शरीर पुरते तापलेले असते, आणि हातांवर भार पेलण्याची ताकद त्या आधीच्या तासाभरात दर दिवशी कमावली जाते. आठवड्यातून दोन दिवस जाणाऱ्या व्यक्तीच्या खांद्यांत ती ताकद आलेली नसते. अशा वेळी भार हातांवर घ्या ही सूचना कानांवर पडते, परंतु प्रत्यक्षात तो मानेवरच राहतो, आणि खांदे उचलण्याची जुनी सवयही अर्धवट सुटलेली असते.

म्हणून किती शिक्षक असावेत या प्रश्नापेक्षा, आपले शरीर महिनोन्‌महिने कोण पाहत आहे, हा प्रश्न मला मोलाचा वाटतो. तीन शिक्षकांपैकी प्रत्येकाला आपला केवळ एक तुकडा दिसतो. विन्यासाच्या सरांना बाईंनी काय शिकवले हे ठाऊक नाही, बाईंना आपण सूर्यनमस्कारांत किती वेळा उडी मारून मागे जाता हे ठाऊक नाही, आणि रविवारच्या शिक्षकांना पडद्यावर आपला चेहराच दिसत असणार. संकोच समजण्यासारखा आहे, पण तो आपल्याला महागात पडतो आहे. बाईंना सांगा. सहा वर्षे मन लावून शिकवणाऱ्या व्यक्तीला याचा राग येईल असे मला वाटत नाही, आणि आलाच तरी मान दुखते हे कळल्यावर तो टिकणार नाही.

जुनी वही (मुंबई)

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे; केवळ एक मुद्दा जोडतो. ज्या दोन पद्धतींत आपण अडकला आहात, त्यांचे मूळ एकाच गुरूंपाशी आहे. मैसूरच्या टी. कृष्णमाचार्यांकडे (१८८८–१९८९) बी. के. एस. आयंगार शिकले आणि अष्टांग विन्यासाचे पट्टाभि जोइसही शिकले. कृष्णमाचार्यांचे पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार यांनी चेन्नईत समोरच्या व्यक्तीनुसार बेतून, श्वास केंद्रस्थानी ठेवून शिकवण्याची तिसरीच वाट धरली. आयंगारांच्या १९६६ सालच्या ग्रंथात शीर्षासनाचा भार केवळ डोक्यावर असावा आणि हात तोल सावरण्यापुरते असावेत असे स्पष्ट म्हटले आहे, तर त्यांच्या गुरुबंधूंच्या परंपरेत भार हातांवर घेतात. तेव्हा एका गुरूंकडे राहिले की एकच उत्तर मिळते, ही समजूत इतिहासाला धरून नाही.

महाराष्ट्रातही हेच दिसते. गुजरातमधील मालसरच्या परमहंस माधवदासजींच्या एका शिष्याने, श्री योगेंद्रांनी, १९१८ मध्ये मुंबईत संसारी माणसांसाठी योगसंस्था काढली, तर दुसऱ्या शिष्याने, स्वामी कुवलयानंदांनी, १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधामात आसन-प्राणायामाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. कुवलयानंद त्यापूर्वी बडोद्याला राजरत्न माणिकरावांकडे व्यायामविद्या शिकले होते, म्हणजे त्यांचे गुरू दोन. मात्र एकाकडचे शिक्षण पचल्यावर ते दुसऱ्याकडे गेले. आणि आयंगारांचे काय? गुरूंकडून प्रत्यक्ष शिकवणी फार थोडी मिळाली असे ते स्वतःच सांगत. १९३७ मध्ये ते पुण्यास आले तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचे होते, आणि पुढचे बहुतेक सारे त्यांनी स्वतःच्या शरीरावर वर्षानुवर्षे सराव करून शोधले. आपल्या लिखाणात तीन वर्गांचा उल्लेख आहे, परंतु घरी एकटीने केलेल्या सरावाचा नाही. माझ्या मते खरी उणीव तेथे आहे.

भागवतातील अवधूताच्या चोवीस गुरूंचा दाखला अशा चर्चेत नेहमी दिला जातो. परंतु पृथ्वी, मधमाशी किंवा अजगर अवधूताला सूचना देत नव्हते; तो त्यांच्याकडे पाहून स्वतः पारखून घेत होता. ते आख्यान मराठीत विस्ताराने सांगणारे संत एकनाथमहाराज आपल्या अभंगांत मात्र एका जनार्दनस्वामींचेच नाव घेतात.

कृष्णाकाठ (सांगली)

थोडे वेगळे मत मांडतो. मी नऊ वर्षे एकाच सरांकडे शिकलो आणि त्यांच्याविषयी मला आजही आदर आहे. परंतु पश्चिमोत्तानासनात माझी पाठ कुबडासारखी गोल होते हे त्यांना रोज दिसून दिसून दिसेनासे झाले होते. गावाला आलेल्या एका शिक्षिकेने पहिल्याच दिवशी मला दुमडलेल्या घोंगडीवर बसवले, आणि कमरेचे वर्षानुवर्षांचे दुखणे महिनाभरात उतरले. नवी नजर हवीच. मी ते सरांना सांगितले, तेव्हा पुढच्या वर्गात त्यांनी चौघांना घोंगडीवर बसवले.

पारिजात (पुणे)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी स्नायूंवर ताण आल्याचे सांगून दीड महिना मानेवर भार घेऊ नये असे बजावले आहे. काल वर्ग संपल्यावर बाईंना सर्व सांगितले. त्या रागावल्या नाहीत. मी तिकडे शीर्षासनासाठी हात कसे ठेवते, तेवढे जमिनीवर गुडघ्यांवर बसून दाखव, असे त्या म्हणाल्या. मी हात टेकले तेव्हा माझी कोपरे खांद्यांच्या रुंदीपेक्षा चांगली चार बोटे बाहेर गेली होती, उजवे अधिकच. हे माझ्या कधी लक्षात आले नव्हते, आणि तिकडे पंचवीस जणांच्या वर्गात ते कोणाच्या लक्षात येणेही कठीण होते.

दीड महिन्यानंतर डॉक्टरांनी होकार दिला, तर सुरुवात भिंतीवरच्या दोरांना लटकून, डोके जमिनीला न टेकवता करायची असे ठरले आहे. विन्यासाच्या सरांनाही फोन करून कळवले. समारोपाच्या वेळी मी शवासनात थांबेन. रविवारचा वर्ग सोडला असून त्या वेळेत घरी एकटीने सराव करते. पहिल्या रविवारी चाळीस मिनिटांत जेमतेम पाच आसने झाली, कारण पुढे काय करायचे हे सांगणारे कोणी नव्हते.