शेजारच्या सामोअन आजीच्या मयताचा खर्च : पटतो का तुम्हाला?

माळकरी_ऑकलंडात
आमच्या शेजारची सामोअन आजी (सामोआ म्हणजे पॅसिफिकमधला बेटांचा देश) गेली गेल्या महिन्यात, ८४ वर्षांची होती. न्यूझीलंडला साउथ ऑकलंडमधे राहायला आलो तेव्हा पहिला डबा तिच्याकडनंच आला, सापासुई, म्हणजे मांस घातलेल्या शेवया. आम्ही खात नाही म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी नारळाच्या दुधातले अळूचे कंद घेऊन हजर! ७० च्या दशकात इथे फॅक्टरीत कामाला आली, मग रात्री ऑफिसं झाडली, आठ पोरं वाढवली आणि वर गावी पैसे पाठवणं कधी चुकवलं नाही.

आता मुद्दा. पाच दिवस मंडप, रोज संध्याकाळी भजनं (त्यांची, चर्चची, पण आवाज असा की आमची पोरं पण खिडकीत), विमानाने आलेले नातेवाईक, आणि चटया. इए तोगा म्हणतात, आपल्या केवड्याच्या जातीतल्या झाडाची पानं अगदी बारीक चिरून विणतात, एकेकीला महिनोनमहिने लागतात. असल्या प्रसंगाला आणि त्यातल्या देण्याघेण्याला फाआलावेलावे म्हणतात. तर तिची नात वेअरहाऊसमधे काम करते, तिने आपला वाटा द्यायला कर्ज काढलं. आजी असती तर तिनेच झापलं असतं असं मला वाटतं.

हिशेबी
+१. मेलेल्या माणसाला काय कळतंय. जिवंतपणी औषधाला द्या की.

वेलिंग्टनची_मावशी
हिशेबी, तुम्ही अर्धीच वही वाचताय. येणारा पण पैसे आणि चटया घेऊन येतो आणि जाताना त्याला परत काही ना काही दिलं जातं, कोणी काय आणलं ते लिहून ठेवणारं माणूस असतं घरात, आपल्याकडे आहेर लिहायला एक काका बसतात ना तसंच. आणि चटई म्हणजे नुसती चटई नाही हो. ७० च्या दशकात इथले पोलीस पहाटे पहाटे पॅसिफिक लोकांच्या घरात घुसायचे व्हिसा तपासायला, तुमच्या आजीने तो काळ बघितलेला असणार. २०२१ मधे पंतप्रधान जसिंडा आर्डर्न माफी मागायला आल्या तेव्हा सामोअन इफोगाच्या, म्हणजे जाहीर माफी मागायच्या रीतीने त्यांच्या अंगावर अशीच चटई पांघरली आणि मग ती काढून त्यांना माफ केलं. ह्याची किंमत डॉलरमधे कशी लावणार?

माळकरी_ऑकलंडात
मावशी, मान्य, पण ठरवणार मताई, म्हणजे कुटुंबाचे मुखिया, आणि हप्ते भरणार नात. बँक चटई घेत नाही व्याजापोटी.

चाकरमानी_सध्या_सिडनी
दोघांचं थोडं थोडं बरोबर. माझे आजोबा गिरणीत होते, पगारातली मनीऑर्डर गावी, गणपतीला उसने काढून जायचे, आजी चिडायची पण बॅग तीच भरायची. सामोआत सुद्धा बाहेरून येणाऱ्या पैशावर खूप घरं चालतात. काही कुटुंबं आता सरळ सांगतात की चटया आणू नका, तसं करता येतं. पण ते त्यांच्या घरात बसून त्यांनी ठरवायचं, आपण शेजारून नाही.

हिशेबी
शेजाऱ्याने मत पण द्यायचं नाही का आता?

वेलिंग्टनची_मावशी
द्या की. पण नातीला विचारलंत का कधी?

माळकरी_ऑकलंडात
काल विचारलं शेवटी. म्हणाली, "माझी आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांची होते, ह्याच लोकांनी सगळं केलं, तेव्हा आजीने प्रत्येकाचं नाव मला पाठ करायला लावलं होतं." म्हणजे आजीने झापलं नसतं, ते माझं चुकलंच. व्याजाचा दर ऐकून मात्र माझं डोकं अजून फिरलेलंच आहे, एक हप्ता मी भरतो म्हटलं तर हसली आणि आत निघून गेली.

जाता जाता आमच्या हातात मॅकरेलच्या डब्यांचा एक अख्खा खोका दिलाय, पाहुण्यांना द्यायची रीत आहे म्हणे. आमच्या घरात सगळे माळकरी, परत केला तर अपमान होईल का? कोणाला माहीत असेल तर सांगा, खोका गॅरेजमधे आहे.