ब्लास्टिंगला वाळूऐवजी काय वापरू? (जुन्या बुलेटचे पार्ट)

उद्यमनगर_गॅरेज
कोल्हापुरात उद्यमनगरात माझं छोटं गॅरेज आहे. जुन्या कास्ट आयर्न बुलेट आणि चेतक पूर्ण खोलून नव्यासारख्या करून देतो. पार्ट साफ करायला आजवर नदीची वाळू चाळून, वाळवून मागच्या शेडमध्ये हवेच्या जोरानं पार्टवर मारत आलोय (यालाच ब्लास्टिंग म्हणतात). तोंडाला ओला रुमाल, बस्स. दोन महिन्यांपासून हाताखालचा पोरगा खोकतोय. परवा शेजारच्या ताई दोरीवरच्या साडीवर बसलेली पांढरी धूळ दाखवायला आल्या. त्यांचं काही चुकलं नाही.

वाळू बंद करायची ठरवलंय. खायचा सोडा, अक्रोडाची टरफलं, ड्राय आइस अशी नावं कानावर येतात. कंप्रेसर ५ एचपीचा आहे, साधारण २० सीएफएम (मिनिटाला २० घनफूट) हवा देतो. यातलं खरंच काय चालतं? आणि माती-पाण्यालाही त्रास होणार नाही असं काय आहे?

चाकण_मोल्डवाला
ड्राय आइस, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, आम्ही रबराचा माल घडवायच्या साच्यांवर रोज वापरतो. उणे ७८ अंशांचे तांदळाएवढे दाणे असतात, आदळले की मळ तडकतो आणि दाण्याचा वायू होऊन जातो. मागे उरतो तो फक्त निघालेला मळ, त्यामुळे काम फार स्वच्छ. पण गंज निघत नाही. शिवाय तुमच्या कंप्रेसरला ते झेपणार नाही, आणि दाणे साठवून ठेवता येत नाहीत, आपोआप उडून जातात. बंद खोलीत तर अजिबात नको, कार्बन डायऑक्साइड जमिनीलगत साचतो आणि माणूस गुदमरतो. गॅरेजसाठी मी तरी सुचवणार नाही.

जुना_ब्लास्टर
बावीस वर्षं ब्लास्टिंगचं काम केलंय, म्हणून जरा लांबण लावतो.

आधी पोराचं बघा. माझा थोरला भाऊ एका फौंड्रीत वाळू मारायचा. त्याच्या हेल्मेटची काच महिनाभरात दुधाळ व्हायची, आतून बाहेरचं दिसायचं नाही, मग नवी काच. काचेची ही गत, तर छातीची काय होत असेल, हा विचार आमच्या घरात एकालाही शिवला नाही. पुढे खोकला लागला. दीड वर्ष टीबीच्या गोळ्या खाल्ल्या, थुंकी दरवेळी निगेटिव्ह. कुठल्याच डॉक्टरांनी ‘काम काय करतोस’ हे विचारलं नाही आणि आम्हीही सांगितलं नाही. सिलिकोसिस, म्हणजे वाळूतल्या सिलिकाच्या धुळीनं होणारा फुफ्फुसाचा आजार, निघाला तोवर जिना चढणं बंद झालं होतं. त्रेचाळीसाव्या वर्षी गेला. एकदा फुफ्फुसात बसलेली सिलिका बाहेर काढणारं औषध नाही. म्हणून पोराला छातीच्या डॉक्टरांकडे न्या, एक्स-रे काढा आणि ‘हा वाळू मारतो’ हे पहिल्या वाक्यात सांगा. स्वतःचाही काढा. कायद्यानं सिलिकोसिस हा सरकारला कळवायच्या आजारांत आहे, इतकी ही गोष्ट गंभीर आहे. ओल्या रुमालातून ती बारीक धूळ सरळ आत जाते.

आता मीडिया, म्हणजे वाळूऐवजी मारायचा माल. सगळ्याला एकच चालत नाही, पार्ट बघून ठरवायचं.

बुलेटचं क्रँककेस आणि हेड ॲल्युमिनियमचं. त्यावर काचेचे मणी मारा, पण हवेचं प्रेशर तीन-साडेतीन किलोच्या (दर चौरस सेंटिमीटरला) वर नेऊ नका. छान मंद चमक येते. धोका वेगळाच आहे: मणी तेलाच्या भोकांत आणि आट्यांत लपून बसतात आणि इंजिन चालू झालं की बेअरिंग खातात. आधी प्रत्येक भोकात रबरी बूच, नंतर गरम पाणी-साबण, मग प्रत्येक आट्यातून टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून हवा मारायची. कार्बोरेटरसारख्या, आतून नीट धुता येत नाही अशा पार्टला सोडाच घ्या, कारण राहिलेला कण पाण्यात विरघळतो. न्यूयॉर्कच्या स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याच्या तांब्याला आतून लागलेलं डांबर १९८० च्या दशकातल्या डागडुजीत सोड्यानंच काढलं होतं, खालच्या तांब्याला ओरखडा न पडता. सोडा इतका मऊ, म्हणूनच त्यानं गंज निघत नाही, रंग आणि काजळी निघते. रंग द्यायचा असेल तर आधी गरम पाणी, मग पातळ व्हिनेगर, पुन्हा पाणी. नाहीतर प्रायमर पापुद्र्यासारखा सुटतो. आणि आपल्याकडच्या जुलैत सोड्याचे गठ्ठे होतात, लाइनला वॉटर सेपरेटर हवाच.

अक्रोडाचं टरफल पिस्टनच्या डोक्यावरच्या आणि व्हॉल्व्हच्या काजळीला उत्तम. किंचित तेलकट थर राहतो, थिनरनं पुसा.

लोखंडी बॅरल आणि ब्रॅकेटच्या गंजाला गार्नेट किंवा ब्राऊन ॲल्युमिनियम ऑक्साइड, हे दोन्ही कडक दाणे. बंद कॅबिनेटमध्ये चाळून पुन्हा पुन्हा वापरता येतं. पण खरं सांगू, निव्वळ गंजाला मी ब्लास्टिंगच करत नाही. प्लास्टिकच्या पिंपात पाणी आणि धुण्याचा सोडा, वर बॅटरी चार्जर, पार्टला निगेटिव्ह, पॉझिटिव्हला साध्या लोखंडाची पट्टी. रात्रभरात गंज काळा भुसभुशीत होतो, ब्रशनं निघतो. धूळ शून्य. पट्टी स्टेनलेसची चुकूनही नको, पाण्यात विषारी क्रोमियम उतरतं. हायड्रोजन सुटतो म्हणून पिंप उघड्यावर ठेवा. ॲल्युमिनियम त्यात बुडवू नका, खाऊन टाकतं.

नोझल ३ मिमीचं लावा, सात किलोला तेवढंच वीस सीएफएममध्ये बसतं. ६ मिमीला ऐंशीच्या आसपास लागतात. बंद कॅबिनेट, मागे धूळ ओढून घेणारा डस्ट कलेक्टर, एवढा खर्च करावाच लागेल.

उद्यमनगर_गॅरेज
काका, भावाचं वाचून बराच वेळ काही सुचलं नाही. वाळूची पोती आजच शेडमधून काढली. एक विचारायचं राहिलं: सोड्याचं पाणी मागच्या परड्यात सोडलं तर चालेल ना? खायचाच सोडा आहे.

जुना_ब्लास्टर
नाही. मीही असंच समजून लिंबाच्या झाडाला सोडलं होतं, पंधरा दिवसांत पानांच्या कडा करपल्या आणि सगळी पानं गळाली. सोडियमनं माती घट्ट आणि खारट होते. आणि मुख्य म्हणजे त्या पाण्यात सोडा एकटा नसतो. जुन्या रंगात शिसं असू शकतं, जुन्या प्रायमरमध्ये क्रोमेट, म्हणजे तेच विषारी क्रोमियम. पोत्यावर ‘पर्यावरणपूरक’ छापलेलं असतं ते आत भरलेल्या मालाबद्दल. पार्टवरून काय निघणार हे पोतंवाल्याला कुठून माहीत? पाणी पिंपात दोन दिवस निवळू द्या. खालचा गाळ आणि कलेक्टरमधली धूळ जाड पिशवीत, तारीख टाकून. वरचं पाणीही गटारात नको. जवळच्या पावडर कोटिंगवाल्याकडे सांडपाणी शुद्ध करायची सोय असते, घातक कचरा उचलणाऱ्यांशी करारही असतो. त्याला विचारा, तुमचं महिन्याला किलो-दोन किलोच होईल. आणि कॅबिनेट उघडायच्या आधी पाच मिनिटं कलेक्टर चालू ठेवा, धूळ बसू दे.

मुलाणी_पावडर_कोटिंग
गोकुळ शिरगावला आमचं युनिट आहे. दादा, पाणी आणि पिशव्या आणून द्या. आमच्या गाळाबरोबर नोंद करून पाठवू. फक्त कुठल्या गाडीचा रंग आहे ते पिशवीवर लिहा.

उद्यमनगर_गॅरेज
धन्यवाद, पुढच्या आठवड्यात येतो. शनिवारी पोराला आणि मलाही छातीच्या डॉक्टरांची वेळ मिळाली आहे. त्याच्या आईलाही बरोबर घेतोय. काय निघतंय ते इथेच कळवतो, काका.